दगडी सुगंधपात्र आतून कसे कोरले असेल, आणि त्यात होते तरी काय?

रानमाती_गुरुजी (यवतमाळ जिल्हा) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. मागील आठवड्यात प्राचीन संस्कृतींची ओळख करून देताना मी मुलांना इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या थडग्यात सापडलेल्या एका दगडी सुगंधपात्राचे छायाचित्र पडद्यावर दाखवले. पात्र सुमारे ७० सेंटिमीटर उंचीचे आहे. त्याचा दगड दुधाळ, किंचित पिवळसर असून मधोमध लांब मानेचा कुंभ आहे, त्याभोवती देठांची जाळीदार गुंफण आहे आणि दोन्ही बाजूंना एकेक मानवी आकृती उभी आहे. हे सारे सव्वातीन हजार वर्षांहून जुने आहे, एवढे मी सांगितले आणि पुढच्या चित्राकडे वळणार होतो. पण मुलांनी मला वळू दिले नाही.

पहिला प्रश्न एका मुलीने विचारला. तिच्या आजीच्या घरी दगडी उखळ आहे आणि ते घडताना तिच्या आजोबांनी पाहिलेले आहे. ती म्हणाली, "गुरुजी, उखळाचे तोंड मोठे असते, त्यात पाथरवटाचा हात आणि टाकी दोन्ही जातात. या भांड्याची मान तर एवढी अरुंद आहे, मग आतले पोट कोरले कसे?" मी निरुत्तर झालो. लगेच दुसऱ्याने विचारले की राजाकडे सोने होते, कुंभाराकडे माती होती, मग अत्तरासाठी जड दगडच का घेतला? तिसरा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटला. गावच्या जत्रेत घेतलेल्या अत्तराच्या बाटलीचे बूच सैल राहिले, तर दिवाळीपर्यंत बाटलीत काही उरत नाही. मग हजारो वर्षांच्या भांड्यात अत्तर राहील कसे, असे एका मुलाचे म्हणणे होते.

चोरांनी ते थडगे फोडले तेव्हा भांडी तिथेच ठेवून आतला सुगंध तेवढा नेला, असेही मी कुठेतरी वाचले होते. ते खरे की कोणी रंगवून सांगितलेले, हे मला ठाऊक नसल्यामुळे मी वर्गात त्याचा उल्लेख टाळला.

मुलांना मी सोमवारपर्यंतची मुदत मागितली आहे. चुकीचे उत्तर देण्यापेक्षा जाणकारांना विचारावे, म्हणून हा धागा उघडत आहे. उत्तर शक्यतो आपल्या भागातील ओळखीच्या वस्तूंच्या आधाराने द्यावे, म्हणजे ते मुलांपर्यंत पोहोचेल.

चुनखडक (वर्धा) यांचे उत्तर

गुरुजी, मी महाविद्यालयात भूविज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे. आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर मला काही सांगता येईल. पहिल्यावर एखाद्या हाताने काम करणाऱ्या माणसाने बोलावे.

प्रथम दगडाविषयी. या भांड्यांच्या दगडाला सर्रास अलाबास्टर म्हटले जाते, पण त्या एका नावाखाली दोन वेगळे दगड येतात. एक जिप्सम, जो इतका मऊ असतो की नखानेही त्यावर ओरखडा उठतो. दुसरा कॅल्साइट, प्राचीन इजिप्तची बहुतेक प्रसिद्ध भांडी या दुसऱ्या दगडाची आहेत. चुन्याचे क्षार असलेले पाणी झऱ्यांतून आणि कपारींतून झिरपत राहते, त्याचे थरावर थर साचतात आणि त्यातून हा पट्ट्यापट्ट्यांचा, उजेड किंचित आरपार जाऊ देणारा दगड तयार होतो. त्याच्या जुन्या खाणींपैकी हत्नुब ही खाण नाईल नदीच्या पूर्वेकडील वाळवंटात आहे आणि त्या नावाचा अर्थ 'सोन्याचे घर' असा होतो. आपल्या जिल्ह्यातील वणी आणि पलीकडचा राजुरा, कोरपना हा सिमेंट कारखान्यांना चुनखडी पुरवणारा पट्टा आहे. तिथल्या चुनखडकातील मुख्य खनिजही हेच कॅल्साइट आहे. मुलांना त्या चुनखडकाचा एक तुकडा आणून त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळायला सांगा. बारीक बुडबुडे उठताना दिसतील. इजिप्तच्या भांड्यावर लिंबू पिळण्याची परवानगी कोणी देणार नाही, पण खनिज तेच आहे.

आता माती का नाही, याविषयी. आपल्याकडे वैशाखात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा माठ पाणी गार ठेवतो, याचे कारण माठाच्या अंगाला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी बाहेर पाझरते, त्याची वाफ होते आणि ती वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. माठाचा हा गुण तेलाच्या बाबतीत दोष ठरतो. तेल त्या छिद्रांत शिरते, भांड्याच्या बाहेरच्या अंगापर्यंत येते, तिथे त्याचा हवेशी संबंध येऊन ते खवट होते, आणि एकदा खवट झालेले तेल प्यायलेले भांडे पुढे भरलेल्या प्रत्येक तेलाला तोच वास लावते. दिवाळीत घरातल्या बायका कोऱ्या पणत्या आधी पाण्यात भिजत घालतात, त्याचे कारण हेच आहे. पाण्याने छिद्रे भरली की पणती तेल कमी पिते. मातीच्या भांड्यांना आतून राळ किंवा मेण लावूनही ही अडचण काही अंशी टाळता येते, परंतु घट्ट कणांच्या, आतून नीट घोटलेल्या दगडाला त्याची गरज पडत नाही.

शिवाय जाड दगडाचे भांडे सावकाश तापते. दुपारची झळ आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. ग्रीक विद्वान थिओफ्रास्टस याने ख्रिस्तपूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकात वासांविषयी स्वतंत्र लेखन केले, आणि सुगंधी द्रव्ये शिशाच्या किंवा अलाबास्टरच्या भांड्यांत ठेवावीत, कारण ती थंड आणि घट्ट असतात, हे त्याने तेव्हाच नोंदवले आहे. रोमन लेखक प्लिनी, जो इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावला, त्यानेही सुगंधी लेप अलाबास्टरमध्ये सर्वांत चांगले टिकतात असे म्हटले आहे. तेव्हा दगडाची निवड ही केवळ राजाच्या हौसेची बाब नव्हती.

आता त्या मुलाच्या बाटलीकडे येतो, कारण त्याचा प्रश्न मला फार आवडला. हल्ली मिळणारे बरेचसे सुगंध मद्यार्कात विरघळवलेले असतात आणि मद्यार्क हवेत झपाट्याने उडतो. इजिप्तमध्ये त्या काळी मद्यार्क गाळून काढण्याची विद्या नव्हती. त्यांचा सुगंध तेलात किंवा चरबीत मुरवलेला असे. स्निग्ध पदार्थ वास पकडून ठेवतो, हे आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसते. लोणी उघडे राहिले आणि शेजारी चिरलेला कांदा असला, तर सकाळी त्या लोण्याची चव कोणी घेऊ शकत नाही. आपल्या देशातही फुलेल करताना तिळाच्या थरांमध्ये मोगऱ्याची किंवा चमेलीची फुले रचत, तीळ तो वास ओढून घेत, आणि मग ते तीळ घाण्यावर गाळले जात. इजिप्तमधील रीत याच जातीची होती: फुले, साली, राळ आणि डिंक तेलात किंवा चरबीत थंड किंवा कोमट करून मुरवायचे. असे द्रव्य पातळ नसून कधी तेलासारखे, कधी घट्ट मलमासारखे असे, आणि ते उडून जात नसे.

तेल कोणते वापरत, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. थिओफ्रास्टसने सुगंधांसाठी बॅलॅनोस नावाचे तेल पसंत केले आहे, कारण ते कमी चिकट असते. हे बॅलॅनोस म्हणजे नेमके कोणते झाड, याविषयी अभ्यासकांत दोन मते आहेत. काहींच्या मते ते आपल्या हिंगणबेटाच्या कुळातील झाड, तर काहींच्या मते शेवग्याच्या कुळातील. गुरुजी, ही दोन्ही कुळे आपल्या मुलांच्या ओळखीची आहेत. हिंगणबेटाचे काटे त्यांच्या पायात मोडले असतील आणि शेवगा परसात असेल. जवसाचे तेल मात्र या कामाला मुळीच चालले नसते, कारण ते हवेत सुकून चिकट आणि घट्ट होते. म्हणून तर ते रंगात घालतात.

एक प्रयोग सुचवतो. एका कोऱ्या पणतीत आणि एका दगडी खलात सारखे तिळाचे तेल घालून दोन्ही कागदावर रात्रभर ठेवा. सकाळी मुलांनाच कागद उचलायला सांगा.

टाकी_हातोडी (नागपूर जिल्हा) यांचे उत्तर

गुरुजी, आमचे घराणे पाथरवटाचे आहे. हे मी सांगतो आहे आणि माझी मुलगी लिहून घेते आहे. माझ्या वडिलांनी जन्मभर जाती, पाटे आणि उखळे घडवली. मिक्सर आल्यावर ते काम कमी झाले आणि आता आम्ही देवळाच्या पायऱ्या, उंबरठे आणि नावाच्या शिळा घडवतो. अजूनही कोणी म्हातारी पाटा टाकी लावून घ्यायला येते, तेव्हा मला बरे वाटते.

आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न हा पाथरवटाचाच प्रश्न आहे, आणि तिच्या आजोबांनी तिला दगडाकडे पाहायला शिकवले असावे. उखळाचा खड्डा आम्ही टाकीने करतो. टाकी दगडावर तिरपी धरायची, हातोडीचा घाव घालायचा, एक चिपली उडते, मग टाकी फिरवायची. याला हात फिरेल एवढी जागा लागते आणि घाव सोसेल एवढी जाडी लागते. अरुंद मानेच्या आत हे शक्यच नाही. एक तर टाकीला कोन मिळणार नाही. आणि मिळाला तरी पातळ होत गेलेली भिंत घावाने शीर धरून तडकेल. म्हणून चित्र पाहताच माझ्या मनात आले की हे काम घावाचे नाही, घासण्याचे आहे.

मुलीने मला मोबाईलवर इजिप्तमधील सक्कारा येथील जुन्या थडग्यांच्या भिंतींवरील चित्रे दाखवली. त्यांत कारागीर भांड्यासमोर बसून एक उभा दांडा फिरवताना दिसतात. दांड्याच्या वरच्या टोकाला दोन दगड वजनासाठी बांधलेले आहेत आणि हाताने धरायची मूठ किंचित वाकडी आहे. सुतार सामता फिरवतो किंवा गिरमिटाने भोक पाडतो, त्याचीच ही जड भावंडे आहेत. फरक असा की सुताराच्या गिरमिटाचे टोक लाकूड कापते, इथे मात्र दांड्याचे टोक काहीच कापत नाही. तांब्याची नळी असली तरी तांबे मऊ असते. कापते ती वाळू. नळीच्या कडेखाली वाळू टाकत राहायचे आणि वजनाने दाबून फिरवत राहायचे. वाळूचा कण तांब्यात रुतून बसतो आणि दगडाला ओरखडत जातो. आमच्याकडे घोटाईला कुरुंद वापरतात, त्यातही कापणारा कणच असतो आणि हात फक्त त्याला फिरवतो.

नळी पोकळ असल्यामुळे सगळा दगड दळावा लागत नाही. गोल खाच पडत जाते आणि मधे दगडाचा दांडा उभा राहतो. तो दांडा हलकेच ठोकून मोडायचा आणि बाहेर काढायचा. एवढ्याने सरळ भोक झाले. पोट रुंद करण्यासाठी त्यांच्याकडे दुसरी युक्ती होती आणि ती पाहून मी त्या कारागिरांना मनोमन हात जोडले. लांबट दगडाचा एक तुकडा, मधे कमरेसारखा बारीक केलेला, खालून दुभंगलेल्या दांड्याच्या बेचक्यात बसतो. मानेतून तो उभा उतरवता येतो आणि आत गेल्यावर आडवा करता येतो. मग दांडा फिरवला की त्याची दोन्ही टोके वाळूसह भिंतीला घासतात आणि पोट वाढत जाते. आधी लहान तुकडा, मग त्याहून लांब, मग त्याहून लांब. फार अरुंद मान असेल तर मान किंवा काठ वेगळा घडवून नंतर जोडण्याचीही रीत होती. त्यामुळे प्रत्येक भांडे एकाच दगडाचे आहे असे मुलांना सांगू नये.

चुनखडक सरांना एक विचारावेसे वाटते. आमच्या काळ्या दगडापुढे हा दगड मऊ आहे ना? मी वणीकडचा चुनखडीचा दगड हाताळला आहे आणि तो टाकीला लोण्यासारखा लागतो. असे असेल तर घासून पोट काढणे शक्य आहे, पण मऊ दगडात एक धोका असतो. त्याचे पट्टे वेगवेगळ्या घट्टपणाचे असतात. एका पट्ट्यात हत्यार भराभर उतरते आणि पुढच्या पट्ट्यावर अडकते. अडकले की पिळा बसतो आणि भांडे फुटते. चित्रातले भांडे पाहून लोक बाहेरची जाळी वाखाणतील. माझे लक्ष आतल्या भिंतीकडे गेले, जी कोणाला दिसत नाही आणि जिथे कारागिराला स्वतःलाही डोळ्यांनी पाहता येत नव्हते. हाताला लागणाऱ्या घरघरीवरून आणि आवाजावरून त्याला जाडी ओळखावी लागली असेल. आम्हीही शिळेचा आवाज ऐकून तडा ओळखतो.

चुनखडक (वर्धा)

भाऊ, आपला अंदाज बरोबर आहे. खनिजांच्या काठिण्याची एक ते दहा अशी मोजपट्टी आहे. तीत कॅल्साइट तीनवर येते, तांबेही जवळपास तिथेच, आणि वाळूतील गारगोटी सातवर. आपल्या काळ्या दगडातील खनिजे सहाच्या आसपास असतात. म्हणजे नळी आणि भांडे जवळजवळ सारख्याच कठीणपणाचे आहेत आणि वाळू दोघांनाही खाते, परंतु नळी बदलता येते. डेनिस स्टॉक्स नावाच्या अभ्यासकाने तांब्याच्या नळ्या आणि वाळू घेऊन हे काम प्रत्यक्ष करून पाहिले आहे आणि त्यातून हे सारे सिद्ध झाले आहे. विशेष म्हणजे इजिप्तच्या लोकांनी याच पद्धतीने कॅल्साइटपेक्षा कितीतरी कठीण दगडांचीही भांडी केली. सक्कारा येथील जोसर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली सुमारे ४०,००० दगडी भांडी सापडली, आणि तो काळ तुतनखामेनच्या तेराशे वर्षे आधीचा आहे.

वैनगंगाकाठ (पवनी, भंडारा जिल्हा) यांचे उत्तर

गुरुजी, मी पुरातत्त्व शिकले आहे आणि जुन्या वस्तूंच्या जतनाचे काम करते. आपण वर्गात जे सांगण्याचे टाळले, ते निर्धास्तपणे सांगा, कारण ते खरे आहे.

ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टर यांना इजिप्तमधील लक्सरजवळील राजांच्या दरीत हे थडगे नोव्हेंबर १९२२ मध्ये सापडले. ते जवळजवळ अखंड होते, असे आपण ऐकतो. परंतु राजाला पुरल्यानंतर थोड्याच वर्षांत चोर त्यात दोनदा शिरून गेले होते. कार्टर यांच्या निष्कर्षानुसार पहिल्या वेळी त्यांचा डोळा धातूवर होता. त्यानंतर पहारेकऱ्यांनी वाट दगडमातीने भरून टाकली. दुसऱ्या वेळी चोर त्या भरावातून बोगदा खणून आत गेले आणि तेव्हा त्यांनी तेले व लेप लुटले. जड दगडी भांडी बोगद्यातून नेणे अवघड होते, म्हणून त्यांनी भांड्यांची झाकणे काढून आतले द्रव्य चामड्याच्या पखालींत भरले. बाजूच्या खोलीत रिकामी झालेली भांडी सापडली, तेव्हा त्यांपैकी काहींच्या आतल्या भिंतीवर उरलेल्या लेपात चोरांच्या बोटांचे ठसे स्पष्ट दिसत होते. तूप संपत आले की आपण डब्याच्या कडेने बोट फिरवून निपटून घेतो, तसेच कोणीतरी घाईघाईने बोटांनी निपटून घेतले होते. हे मी प्रथम वाचले तेव्हा त्या थडग्यातील सोन्याच्या मुखवट्यापेक्षा मला या ठशांनी अधिक काळ धरून ठेवले.

चोरांची निवड समजून घेण्यासारखी आहे. राजाचे नाव कोरलेले भांडे बाजारात नेले असते तर ते नेणारा पकडला गेला असता. धातू वितळवता येतो आणि लेप वाटून विकता येतो. त्यावर कोणाचेही नाव नसते. आणि तो महाग होता, कारण त्यातील राळ आणि सुगंधी डिंक दूरच्या देशांतून आणावे लागत. आज आपण काचेआडचे भांडे पाहून थबकतो. त्या चोरांच्या लेखी ते भांडे केवळ वेष्टन होते.

सगळा लेप मात्र गेला नाही. थडग्यातील एका कॅल्साइटच्या भांड्यात उरलेल्या द्रव्याचे रासायनिक परीक्षण चॅपमन आणि प्लेंडरलीथ यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात सुमारे ९० टक्के प्राणिज चरबी आणि सुमारे १० टक्के राळ किंवा तत्सम सुगंधी द्रव्य आढळले. त्या मुलाला हे आकडे जरूर सांगा. त्याची बाटली दिवाळीपर्यंत रिकामी होते आणि हे भांडे तीन हजार वर्षांनीही पूर्ण रिकामे झाले नव्हते, या दोन गोष्टींमधील अंतर त्या ९० टक्क्यांत आहे.

याच कारणामुळे मला एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. या धाग्यात आपण 'अत्तर' हा शब्द वापरत आलो आहोत. आपल्याकडील पारंपरिक अत्तर म्हणजे फुलांचा अर्क भट्टीवर वाफेने काढून चंदनाच्या तेलात उतरवलेला. ही फार नंतरची विद्या आहे. तुतनखामेनच्या भांड्यातील द्रव्य अंगाला, केसांना आणि देवाच्या मूर्तीला चोळायचा लेप होता. आपल्याकडील उटणे आणि सुगंधी तेल यांच्या तो अधिक जवळचा आहे. इजिप्तच्या विधींमध्ये सात पवित्र तेलांचा एक संच असे, आणि अगदी जुन्या काळातील अलाबास्टरच्या लहान पाट्या मिळाल्या आहेत, ज्यांवर सात उथळ खळगे आणि प्रत्येक खळग्याजवळ तेलाचे नाव कोरलेले आहे. आपल्या देवघरातील हळदीकुंकवाचा पंचपाळा डोळ्यांपुढे आणला की ती पाटी कशी असेल, ते मुलांच्या लगेच लक्षात येईल.

चुनखडक सरांच्या उत्तराला एक पुरवणी जोडते. कॅल्साइट लेपासाठी उत्तम, हे खरे. तथापि चरबी खवट झाली की तिच्यात आम्ले सुटी होतात आणि ती या दगडाशी हळूहळू संयोग पावून साबणासारखा क्षार तयार करतात. जुन्या भांड्यांच्या आतील भाग म्हणूनच नाजूक समजावा लागतो आणि आत चिकटलेला काळपट थर घाण म्हणून धुऊन काढणे हा अक्षम्य अपराध ठरतो. त्या थराच्या कणभर नमुन्यातून आज चरबी कोणती आणि राळ कोणती, हे शोधता येते. आपल्या शेतात नांगरताना एखादे जुने मातीचे किंवा दगडाचे भांडे निघाले, तर घरी नेऊन ते राखेने घासू नये, ही विनंती मी या निमित्ताने करते. पवनीत मौर्य-सातवाहन काळातील स्तूपांचे अवशेष आहेत, नागपूरजवळच्या माहुरझरीत मण्यांचे जुने कारखाने होते. आपल्या भागातील जमिनीत काय निघेल ते सांगता येत नाही.

आता चित्रातील नक्षीविषयी, कारण तिच्याशिवाय हे पात्र पुरते कळणार नाही. कुंभाभोवती जी देठांची गुंफण आहे, तीत दोन वनस्पती आहेत: एक कमळासारखी लिली, जी दक्षिण इजिप्तची खूण आहे, आणि दुसरी पपायरस नावाची लव्हाळ्यासारखी वनस्पती, जी उत्तरेकडील त्रिभुज प्रदेशाची खूण आहे. दोन बाजूंच्या आकृती नाईलच्या पुराची देवता हापी हिच्या आहेत, आणि त्या या दोन वनस्पतींची गाठ कुंभाला बांधत आहेत. दोन देश एका राजाच्या हाती एकत्र आले, असा त्याचा अर्थ आहे. पूर आला की गाळ येतो आणि गाळ आला की शेत पिकते, हे वैनगंगेच्या काठावर राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून हापीला पोट सुटलेले आणि सुखवस्तू दाखवत. टाकी_हातोडी भाऊंसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. आपण ज्या दांड्याचे वर्णन केले, त्याचे चित्र प्राचीन इजिप्तच्या लिपीत एक अक्षरचिन्ह म्हणून वापरले जात असे आणि ते कारागिरी या अर्थाच्या शब्दात येत असे. भांडे पोखरणाऱ्याचे हत्यार हीच त्यांच्या लेखी कारागिरीची खूण होती.

शेवटी आपल्याकडचा एक धागा. अलाबास्टरच्या कुपीत सुगंध ठेवण्याची ही रीत पुढे ग्रीक आणि रोमन जगात पसरली, आणि त्या कुप्यांत जे सर्वांत मोलाचे द्रव्य जाई, त्यांपैकी एक होते जटामांसीचे तेल. जटामांसी हिमालयात उगवते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात ती भडोचच्या बंदरातून पश्चिमेकडे जात असल्याची नोंद आहे, आणि त्याच वर्णनात पैठण व तेर येथून भडोचला जाणाऱ्या मालाचाही उल्लेख येतो. ख्रिस्ती शुभवर्तमानात एका स्त्रीने येशूच्या मस्तकावर ओतलेले जटामांसीचे तेल अलाबास्टरच्या कुपीतच होते, आणि त्याची किंमत तीनशे दिनारांहून अधिक सांगितली आहे. आपल्या देशात दगडी पात्र आणि सुगंध एकत्र सापडल्याचे उदाहरण सांची येथे आहे: १८५१ मध्ये ब्रिटिश संशोधक कनिंगहॅम यांना बुद्धांचे शिष्य सारिपुत्त यांच्या अस्थींची दगडी करंडी मिळाली, तेव्हा तिच्या शेजारी चंदनाचे दोन तुकडे ठेवलेले होते.

रानमाती_गुरुजी (यवतमाळ जिल्हा)

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे मी छापून नेली आणि सोमवारचे दोन्ही तास याच विषयाला दिले.

रविवारी संध्याकाळी मी शाळेत पणती आणि खल कागदावर मांडून ठेवले होते. सकाळी मुलांनी पणती उचलली तेव्हा खालच्या कागदावर रुपयाहून मोठा तेलकट डाग होता आणि पणतीची बाहेरची बाजू बोटाला चिकट लागत होती. खलाखालचा कागद कोरडा होता. माठाचे कारण त्यांनी स्वतःच सांगितले, मला बोलावे लागले नाही. वणीकडच्या एका पालकाने चुनखडकाचा तुकडा पाठवला आणि लिंबाचे बुडबुडेही झाले. बोटांच्या ठशांविषयी सांगितले तेव्हा वर्गात बराच वेळ शांतता होती. मग एका मुलाने विचारले की ते ठसे अजून आहेत का, आणि चोराचे नाव कळले का.

ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला होता, तिने वहीत चित्राखालचे 'अत्तरदाणी' हे माझेच शब्द खोडून 'सुगंधी लेपाचे पात्र' असे लिहिले आहे आणि मीही फळ्यावर तसाच बदल केला. तिच्या आजोबांना पाथरवट भाऊंचे उत्तर वाचून दाखवल्याचे तिने आज सांगितले. मधे दगडाचा दांडा उभा राहतो आणि तो मोडून काढावा लागतो, हे ऐकल्यावर त्यांनी तो भाग पुन्हा वाचायला लावला.

टाकी_हातोडी (नागपूर जिल्हा)

गुरुजी, आजोबांना माझा नमस्कार सांगा. पितळेच्या नळीचा एक तुकडा आणि चाळलेली नदीची वाळू घेऊन मी चुनखडीच्या दगडावर हे करून पाहणार आहे. चार बोटे खोल उतरले, तर मधला दांडा मोडून तो आणि भोक पडलेला दगड असे दोन्ही आपल्या शाळेकडे पाठवतो.